संपतरावांचं टोचन

राजुरीचे संपत औटी एसटीत एकतीस वर्षं चालक होते, आणि त्या काळात त्यांनी महाराष्ट्रातली बहुतेक सगळी बसस्थानकं पाहिली. गावं पाहिली नाहीत. कोल्हापूरला ते चाळीसेक वेळा तरी गेले असतील, पण कोल्हापूर कसं आहे असं कुणी विचारलं तर ते सांगायचे, की स्टँडच्या मागं उसळ बरी मिळते आणि चालकांच्या खोलीतला पंखा आवाज करतो. रंकाळा कुठल्या बाजूला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. गाडी उभी केली, झोपले, गाडी काढली. असं एकतीस वर्षं.

अभिमान म्हणाल तर एकाच गोष्टीचा होता, रिव्हर्सचा. गाडी मागं घेताना कंडक्टरनं खाली उतरून शिटी मारायची असते. संपतरावांच्या गाडीचा कंडक्टर तेवढ्या वेळात चहा पिऊन घ्यायचा. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ते बस अशी घालायचे, की प्रवाशांना आपण मागं आलो हे उतरल्यावरच कळायचं. याबद्दल ते स्वतः काही बोलत नसत. दुसरं कुणी बोललं तर मात्र शेवटपर्यंत ऐकून घेत.

निवृत्तीनंतर फिरायचं असं त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, फार आधी ठरवून ठेवलं होतं. पण ती वेळ आली तोवर प्रयागबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. त्यांना मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, उंच पायरी चढता येत नव्हती. नगरला भाचीच्या लग्नाला गेले तेव्हा प्रयागबाईंनी सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही.

"का गं?" संपतरावांनी परतताना विचारलं.

"तिथं संडासाला खाली बसायचं व्हतं," प्रयागबाई म्हणाल्या. "बसले असते. मग उठवायला कोण येणार, तुमी?"

एकतीस वर्षं बसभर बायका नेऊनही संपतरावांच्या डोक्यात ही गोष्ट कधी आली नव्हती. आठ दिवसांनी त्यांनी मंचरच्या बाजूची एका शाळेची जुनी मिनीबस घेतली.

ती बस ओतूरच्या ऋषी डुंबरेच्या वर्कशॉपमध्ये पाच महिने उभी होती. ऋषी फॅब्रिकेशनचं काम करायचा. कांद्याच्या चाळी, गेट, ट्रॅक्टरचे ट्रेलर हा त्याचा धंदा. बसमध्ये घर करायचं काम त्याच्याकडं पहिल्यांदाच आलं होतं, म्हणून त्यानं ते घरासारखंच मजबूत केलं. पलंग, ओटा, गॅस, पाण्याची टाकी, आणि मागच्या कोपऱ्यात दार असलेला कमोड. दाराला तीन बुटक्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडे. कागदोपत्री शाळेच्या बसचं घर व्हायला जेवढे महिने लागायचे तेवढे लागले. चाकणला नोकरी करणारा त्यांचा मुलगा सुदर्शन तिला मोटारहोम म्हणायचा. गावात तिला संपतरावांचा फ्लॅट म्हणत. प्रयागबाई नुसतं गाडी म्हणायच्या. पहिल्या दिवशी त्या आत गेल्या, कमोडचं दार उघडून पाहिलं, बंद केलं, आणि म्हणाल्या, "आता कुठं बी चला."

पहिल्यांदा कुठं जायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. अंबाबाईकडं.

अंबाबाई ही आंबेगावच्या पश्चिमेला, आहुप्याच्या वाटेवर आत असलेल्या कुंभेवाडीची. भात निघालं की तिकडची माणसं इकडं कांद्याच्या कामाला येतात, तशी ती पंधरा वर्षं औट्यांच्या मळ्यात आली. दोघी एका वयाच्या. दिवसभर एका वाफ्यात लागण करायच्या आणि त्या पंधरा वर्षांत प्रयागबाई जेवढ्या अंबाबाईशी बोलल्या तेवढ्या दुसऱ्या कुणाशी बोलल्या नसतील, कारण नवरा ड्यूटीवर असायचा. दरवर्षी निघताना अंबाबाई म्हणायची, "ताई, येकदा माज्या घरला या." दरवर्षी प्रयागबाई हो म्हणायच्या. मग अंबाबाईचा मुलगा गोरख कमावता झाला, तिचं येणं थांबलं, आणि तीन वर्षं दोघींची भेट नव्हती.

माघ महिन्यात एका सकाळी गाडी निघाली. नारायणगाव, कळंब, मंचर, मग घोडेगावकडं उजवीकडं. डिंभ्याचं धरण मागं पडलं तसा रस्ता बारीक होत गेला. संपतरावांना रस्त्याची भीती नव्हती. कुंभेवाडीचा फाटा आला. तिथून वाडी पावणेचार किलोमीटर. फाट्यावरून पाऊण किलोमीटरवर ओढ्यावरची एक अरुंद मोरी होती आणि मोरीला लागूनच चढाचं वळण. संपतरावांनी गाडी थांबवली, खाली उतरले, मोरी पावलांनी मोजली, वळण चढून पाहून आले.

"जाईल," ते म्हणाले. "पण वर वळवायला जागा न्हाई. आन तिथून तीन किलोमीटर रिव्हर्स, उतारानं."

"तुमाला येतं की रिव्हर्स," प्रयागबाई म्हणाल्या.

"मला येतं. या गाडीच्या ब्रेकचं मला अजून माहीत न्हाई."

गाडी मोरीच्या अलीकडं एका खाचराच्या कडेला उभी राहिली. वाडीची एक जीप होती, पण ती सकाळी खाली जायची आणि संध्याकाळी वर यायची, आणि तिची मागची पायरी प्रयागबाईंच्या मांडीएवढी उंच होती. मोटारसायकलवर बसायचं त्यांनी नावच काढलं नाही. शेवटी एका मोटारसायकलवाल्याबरोबर निरोप गेला आणि दोन तासांनी अंबाबाई डोक्यावर बोचकं घेऊन उतारानं चालत आली. बरोबर तिचा नवरा सावळेराम. बोचक्यात नाचणीच्या भाकरी, घरचा तांदूळ आणि वाळवलेल्या करवंदांची पुरचुंडी होती.

अंबाबाईनं गाडी आतून पाहिली. नळ सोडून पाहिला, बंद केला. पलंगावर बसून पाहिलं. कमोडचं दार उघडून बराच वेळ आत पाहत राहिली. मग प्रयागबाईंशेजारी येऊन बसली.

"ताई," ती म्हणाली, "पंधरा वर्सं मी तुमच्या घरला आले. आता तुमी आलात, तर तुमचं घर बरोबर घिऊन आलात."

ती हसून बोलली होती. तिच्या मनात काही नव्हतं. ते दोन दिवस तिथं राहिले आणि दोन्ही दिवस अंबाबाई तीन किलोमीटर उतरून आली आणि तीन किलोमीटर चढून गेली. परतताना मंचरला प्रयागबाई म्हणाल्या, "ह्याला भेट म्हणायचं का? तिलाच आपल्याकडं यावं लागलं. पुन्यांदा."

इथून टोचनचा विषय निघाला.

घरी त्यांची एक अल्टो होती. सुदर्शननं स्वतःसाठी नवी कार घेतली तेव्हापासून ती गोठ्याशेजारी उभी असायची आणि संपतराव तिच्यातून बाजार करायचे. संपतरावांचा विचार सरळ होता. मोठी गाडी राहायला, छोटी गाडी जायला. मोठी गाडी पुढं, छोटी तिच्या मागं टोचनवर, म्हणजे जोडून ओढत. सुदर्शनला फोनवर सांगितलं तर त्याला आश्चर्य वाटलं नाही. त्यानं उलट व्हिडिओ पाठवला. त्यात परदेशातलं एक म्हातारं जोडपं अशाच घराच्या मागं गाडी बांधून वाळवंटातून चाललं होतं. रस्ता सरळ होता आणि समोरून कुणीच येत नव्हतं. संपतरावांनी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला.

"ह्यांच्याकडं उसाचे ट्रॅक्टर न्हाईत," ते म्हणाले.

कायदा मोडून गाडी चालवायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते आळेफाट्यावर आरटीओची कामं करणाऱ्या एका एजंटाकडं गेले. एजंटानं सगळं ऐकून घेतलं.

"चालू गाडी टोचनवर न्येता येत न्हाई, डायवर," तो म्हणाला. "बंद पडलेली न्येता येती. ती बी जवळच्या गॅरेजपर्यंत. आन वेग पंचवीसच्या आत."

"म्हणजे माझी गाडी बंद पडली पाहिजे."

"हां."

"रोज?"

"निघताना."

"आन पोचल्यावर चालू झाली पाहिजे."

"ते तुमचं तुमी बघा," एजंट म्हणाला. "दुसरं म्हणजे ट्रेलर घ्या, त्याची नोंदणी करा, आन गाडी त्याच्यावर चढवून न्या."

संपतराव घरी आले आणि त्यांनी ट्रेलरचं सांगितलं. प्रयागबाई लसूण सोलत होत्या. "गाडीमागं ट्रेलर, ट्रेलरवर गाडी," त्या म्हणाल्या. "आन ती आगगाडी त्या मोरीपाशी वळवायची कुठं?" ट्रेलरचा विषय तिथं संपला.

टोचनचा संपला नाही. संपतरावांनी ऋषीला गाठलं आणि ऋषीनं दोन दिवसांत लोखंडी त्रिकोण करून आणला. दोन टोकं अल्टोच्या पुढं पकडायची, तिसरं टोक मोठ्या गाडीच्या मागच्या हुकात, मध्ये अंगठ्याएवढी जाड पिन. गावातल्या रस्त्यावर नुसती चाचणी घ्यायला हरकत नाही, असं संपतरावांनी स्वतःला सांगितलं. त्यांना स्वतःला सांगावं लागलं, यावरून काय ते समजावं.

"काका, मागच्या गाडीत कुणीतरी बसायला लागंल," ऋषी म्हणाला. "स्टेरिंग धरायला. वेळ पडली तर ब्रेक बी."

"तू बस."

"मी पुढं, तुमच्या गाडीत. पिनीचा आवाज ऐकायचाय मला."

म्हणून अल्टोत प्रयागबाई बसल्या. त्यांना ऋषीनं ब्रेक दाखवला आणि सांगितलं, की गाडी वळेल तिकडं स्टेरिंग जाऊ द्यायचं, ओढायचं नाही. प्रयागबाईंनी पदर खोचला आणि दोन्ही हातांनी स्टेरिंग धरलं.

जाताना सगळं ठीक झालं. घरापासून गावठाणापर्यंत दोनेक किलोमीटर. संपतराव पंचवीसच्या आत होते. मागच्या आरशात अल्टोची काच आणि काचेमागं प्रयागबाईंचं कुंकू दिसत होतं. चौकात मात्र समोर उसाचे दोन ट्रेलर घेऊन ट्रॅक्टर आडवा अडकला होता. त्याचं एक चाक गटाराच्या ढाप्यात गेलं होतं. पाच-सात गाड्या थांबल्या, मग एकेक करून मागं सरकू लागल्या, कारण ट्रॅक्टर काढायला जागा हवी होती. राहिली एकटी संपतरावांची गाडी.

संपतरावांनी रिव्हर्स टाकला.

टोचनवर असलेली गाडी मागं ढकलता येत नाही. ती सरळ मागं जात नाही, ती कुशीवर वळते. हे संपतरावांना एकतीस वर्षांत कळायचं कारण पडलं नव्हतं. त्यांनी स्टेरिंग डावीकडं घेतलं तर अल्टो उजवीकडं गेली. उजवीकडं घेतलं तर ती अजून उजवीकडं गेली. मागून प्रयागबाई ओरडत होत्या, की मी काही करत न्हाई, ती आपली आपण फिरतीया. तिसऱ्या प्रयत्नाला अल्टोचं मागचं टोक एका दुकानासमोरच्या कांद्याच्या गोण्यांना टेकलं आणि थांबलं.

चौकात पन्नासेक माणसं होती. त्यात निम्मी कधी ना कधी संपतरावांच्या बसमधून गेलेली. कुणी हसलं नाही. जानकू हाडवळे म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, ते खिडकीपाशी आले आणि त्यांनी खरोखर काळजीनं विचारलं, "संपत, रिवस येईना व्हय?"

संपतराव खाली उतरले. पिन ताणात अडकली होती. ती हातोड्यानं काढायला ऋषीला पस्तीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ट्रॅक्टर, त्याच्या मागची वाहनं आणि शाळेची एक गाडी थांबून राहिली. मग संपतरावांनी मोठी गाडी एका दमात मागं घेतली, रेघ मारल्यासारखी सरळ. पण तोवर बघणारे पांगले होते.

घरी आल्यावर ते ओट्यावर बसले. प्रयागबाईंनी पाणी आणून दिलं आणि शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं.

"दोन किलोमीटर मी गाडी चालवली," त्या म्हणाल्या.

"चालवली न्हाई. धरली व्हतीस."

"धरली म्हना. पडली का? न्हाई पडली." त्या थोडं थांबल्या. "मला येक सांगा. टोचन लावलं तरी मागच्या गाडीत माणूस लागतंयच ना?"

"लागतंय."

"मग त्या माणसालाच गाडी आली तर टोचन कशाला?"

संपतरावांनी या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी विचार केला. त्यात चूक सापडेना. "आन मग मोठ्या गाडीत मी एकटा?" ते म्हणाले. हे बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण हे बोलायला नको होतं.

"एकतीस वर्सं व्हतातच की," प्रयागबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या होत्या. सुदर्शननं फोनवर गुडघ्यांचं विचारलं. प्रयागबाईंनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. डॉक्टरांनी रोज खुर्चीत बसून पाय पुढं ताणायचा व्यायाम दिलेला होताच. क्लचलाही तेच करायचं असतं. उभं राहायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. गाडी चालवणं हे एकच काम असं निघालं, की ज्याला त्यांचे गुडघे आड येत नव्हते.

शिकाऊ परवाना आला, त्याच दिवशी संपतरावांनी शिकवायला घेतलं. घरामागच्या माळावर अल्टो नेली. प्रयागबाई स्टेरिंगवर, संपतराव डावीकडं.

"क्लच सोड. हळू. हळू म्हणलं की हळू. आता सोडायचा म्हणजे सोडायचा न्हाई, सोडत राहायचा."

गाडी तीन वेळा उडी मारून बंद पडली. चौथ्या वेळी चालली. संपतरावांचा उजवा पाय पायाखालचं रबर दाबत होता, इतका, की ते रबर गोळा होऊन पुढं गेलं. डावा हात दाराच्या दांडीला. प्रयागबाईंनी गाडी थांबवली. चांगली थांबवली.

"उतरा," त्या म्हणाल्या.

"का?"

"तुमी बसलात की मला तुमचीच भीती वाटती. गाडीची वाटत न्हाई."

संपतराव उतरले आणि बाभळीखाली जाऊन उभे राहिले. प्रयागबाईंनी पहिल्या गियरमध्ये माळाला नऊ फेऱ्या मारल्या. प्रत्येक फेरीला त्या बाभळीपाशी आल्या की संपतराव हात वर करायचे, थांब म्हणून. प्रयागबाईंना वाटायचं, निरोप देतायत. त्याही हात करायच्या.

दुसऱ्या दिवसापासून आळेफाट्याच्या ड्रायव्हिंग स्कूलची जया शिकवायला येऊ लागली. जया सव्वीस वर्षांची. जुन्नरच्या पलीकडच्या डोंगरातली, आधी टोमॅटोची पिकअप चालवायची. तिची पद्धत अशी, की गाडीबद्दल बोलायचंच नाही. "मावशी, सूनबाईचं काय म्हणत व्हता?" असं म्हणून ती बाहेर बघत बसायची आणि प्रयागबाई सुनेचं सांगता सांगता दुसरा, तिसरा गियर टाकायच्या. बेल्ह्याच्या रस्त्यावर एकदा समोरून मोठा ट्रक आला. तेव्हा विषय सुदर्शनच्या लग्नातल्या मानापानाचा होता. तो रंगात आल्यामुळं ट्रक गेला हे त्यांना नंतर जयानं सांगितलं.

पहिल्या परीक्षेत त्या नापास झाल्या. आठच्या आकड्यात गाडी फिरवताना आरटीओचे साहेब दिसले, म्हणून त्यांनी दोन्ही हात सोडून नमस्कार केला. दुसऱ्या वेळी त्यांनी साहेबांकडं पाहिलंच नाही. लायसन पोस्टानं आलं. त्यावरचा फोटो चांगला नव्हता. त्यांनी लायसन देवघरात ठेवलं नाही, डब्यात ठेवलं, पण डबा देवघरात असायचा.

श्रावणात एका सकाळी प्रयागबाई एकट्याच ओतूरच्या बाजाराला गेल्या. जयानंच सांगितलं होतं, की एकदा एकटीनं जाऊन या, त्याशिवाय खरं नाही. संपतराव घरी राहिले. त्यांनी मोठ्या गाडीचे आरसे पुसले. मग परत पुसले. फोन करावा तर ती गाडी चालवत असताना वाजायचा, म्हणून केला नाही. अकरा वाजता ते रस्त्यापर्यंत जाऊन आले. साडेअकराला परत गेले. जाणाऱ्या एका ओळखीच्या पिकअपवाल्याला थांबवून त्यांनी विचारलं, की ओतूरच्या रस्त्याला काही झालंय का. तो म्हणाला, काय व्हायचंय? तसं काळजीला कारण नव्हतं. रस्ता सरळ होता, गाडी बरी होती, दिवस उजेडाचा होता.

बारा वाजून गेल्यावर अल्टो अंगणात आली. मागच्या सीटवर भाजी, वर एक केरसुणी.

"इतका उशीर?" संपतराव म्हणाले.

"गोजरबाई भेटली. तिला घरला सोडली, तर तिनं चहाला थांबवलं." प्रयागबाई दाराला धरून उतरल्या आणि त्यांनी नवऱ्याकडं नीट पाहिलं. "तुमाला काळजी लागली व्हती?"

"न्हाई."

"मला लागायची," त्या म्हणाल्या. "तुमी लांबच्या ड्यूटीला असलात की. तवा फोन बी नव्हते. दोन-दोन दिवस मी ह्याच रस्त्याला येऊन बघून जायचे." हे त्यांनी भाजी काढता काढता सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मग केरसुणी झटकून कोपऱ्यात ठेवली.

संपतराव आत गेले आणि सकाळची भाजी गरम करून त्यांनी दोन ताटं वाढली. भाजी करपली होती. प्रयागबाईंनी ती खाल्ली.

भात कापून झाल्यावर, कार्तिकात, दोन्ही गाड्या कुंभेवाडीला निघाल्या. संपतराव पुढं, प्रयागबाई मागं. हायवेवर संपतराव आरशात इतके बघत होते, की कळंबच्या आधी त्यांना स्वतःलाच जाणवलं, आपण पुढं कमी बघतोय. त्यांनी गाडी बाजूला घेतली. प्रयागबाईही थांबल्या.

"तू पुढं हो," संपतराव म्हणाले.

"मला वाट माहीत न्हाई."

"पाट्या हायेत."

घोडेगावपर्यंत प्रयागबाई पुढं होत्या. त्या साठच्या वर गेल्या नाहीत आणि प्रत्येक गतिरोधकाला इतक्या अदबीनं थांबायच्या, की संपतरावांच्या मागं वाहनांची रांग लागली. हॉर्न संपतरावांना बसले. पण प्रयागबाई आता त्यांना समोर दिसत होत्या.

मोरीपाशी मोठी गाडी खाचराच्या कडेला उभी राहिली आणि संपतराव अल्टोत, डावीकडं, येऊन बसले. या वेळी त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि पाय सीटखाली घेतले. गाडी मोरीवरून गेली, वळण चढली. दीड किलोमीटरवर समोरून वाडीची जीप उतरत आली. रस्ता एका गाडीचा. दोन्ही गाड्या तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. जीपवाल्यानं हातानं खूण केली, मागं घ्या.

संपतरावांचा हात आपोआप दाराकडं गेला. आपण उतरावं, तिला बाजूला करावं आणि गाडी मागं घ्यावी, दोन मिनिटांचं काम. त्यांनी प्रयागबाईंकडं पाहिलं. त्या सरळ बसल्या होत्या, पाय ब्रेकवर.

"चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असती," त्या म्हणाल्या. "जयानं सांगितलंय. बरोबर का?"

"बरोबर," संपतराव म्हणाले.

"मग मी हितंच थांबते."

त्या थांबल्या. जीपवाल्यानं हॉर्न दिला. प्रयागबाईंनी त्याला नमस्कार केला, या वेळी एकाच हातानं. जीपवाला खाली उतरला, जवळ आला, आत वाकून त्यानं आधी त्यांच्याकडं आणि मग संपतरावांकडं पाहिलं. "काका, तुमाला येत न्हाई का गाडी?" त्यानं विचारलं.

संपतराव म्हणाले, "डायवर त्या हायेत. त्यास्नी विचारा."

जीप मागं गेली. बरीच वाकडीतिकडी गेली. संपतरावांनी काही मत व्यक्त केलं नाही.

अंबाबाईचं घर वाडीच्या टोकाला होतं. ती ओटीवर तांदूळ पाखडत होती. गाडीचा आवाज आला, पण जीप असेल म्हणून तिनं नीट पाहिलं नाही, पाखडत राहिली. मग दार उघडून प्रयागबाई स्टेरिंगच्या बाजूनं उतरल्या. अंबाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"ताई, तुमी?"

"मी," प्रयागबाई म्हणाल्या. "पायरी किती हाय तुझी? हात दे."

सावळेरामानं दोन लाकडी पाट एकावर एक ठेवले आणि प्रयागबाई ओटीवर चढल्या. घरात खुर्ची नव्हती. शेजारच्यांकडून आली. अंबाबाईनं त्यांना चूल दाखवली, नवीन मांडलेली कणगी दाखवली, मागची म्हैस दाखवली, सुनेनं शिवलेली गोधडी दाखवली. जेवायला वाफाळता भात आणि खेकड्यांचा रस्सा होता. प्रयागबाई खुर्चीत बसून जेवल्या आणि अंबाबाई त्यांच्यासमोर जमिनीवर. मग दोघींनाही ते बरं दिसेना, तेव्हा अंबाबाई उठून पालथ्या उखळीवर बसली. दोघी जे बोलत बसल्या, त्यात संपतराव आणि सावळेराम यांना मध्ये बोलायला जागा मिळाली नाही, म्हणून ते दोघं खाचरं बघायला गेले.

ऊन उतरायच्या आत प्रयागबाईंनी संपतरावांना घेऊन गाडी खाली मोरीपाशी आणली, कारण रात्रीच्या सोयी तिथं होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परत वर गेल्या, एकट्याच. तिसऱ्या दिवशी त्यांनी अंबाबाईला आणि वाडीतल्या आणखी दोघींना घोडेगावला नेलं. एकीला डोळे दाखवायचे होते, बाकीच्यांना बांगड्या भरायच्या होत्या. अंबाबाई पुढं बसली. तिनं पट्टा लावून घेतला आणि घोडेगाव येईपर्यंत पट्ट्याचं बक्कल हातात धरून ठेवलं.

आता दोन वर्षं झाली. ती दोघं कोकणात जाऊन आली, मराठवाड्यात जाऊन आली, एकदा कोल्हापूरला गेली आणि संपतरावांनी रंकाळा पाहिला. प्रत्येक वेळी दोन गाड्या. सुदर्शन म्हणतो, हा खुळेपणा आहे, दोन चालक आणि दोन इंधनं. ते खरंच आहे. गाडी चालवताना फोनवर बोलायचं नाही, म्हणून तीस-चाळीस किलोमीटरवर दोघं थांबतात आणि चहा घेतात. मधल्या वाटेत काय काय दिसलं ते एकमेकांना सांगतात. बहुतेक वेळा दोघांनी वेगवेगळं पाहिलेलं असतं. एकाच गाडीत असतो तर इतकं बोललो नसतो, असं प्रयागबाईंचं म्हणणं आहे. चहाच्या टपऱ्या संपतरावच हेरतात, आणि अलीकडं त्या पंचवीस किलोमीटरवरच येऊ लागल्या आहेत.